चित्र कोणाचं? – 'रोट' गेमने मला शिकवलेला धडा



आजचा लेख थोडा वेगळा आहे. यात कुठला पाठ नाही, स्वाध्याय नाही. माझ्या वर्गात घडलेली आणि माझ्याच हातून चुकलेली एक गोष्ट आहे. विषय आहे मुलांनी बनवलेल्या कॉम्प्युटर गेममधली चित्रं, आणि ती चित्रं एआयकडून काढून घ्यावीत की नाही हा. 'आमच्या खेड्यातल्या शाळेत कसले आलेत गेम!' असं म्हणून लेख सोडू नका. तुमच्या घरातल्या मोबाईलवर आज ना उद्या हा प्रश्न येणारच आहे.

मी धुळे ते जळगाव रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका गावात शिकवतो. शाळेत तीन कॉम्प्युटर, त्यातले दोन चालतात. त्यावर 'स्क्रॅच' घेतलेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी बनवलेली ही मोफत प्रणाली. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की चित्र हलतं, उडी मारतं, गुण मोजले जातात. इंग्रजी फारसं न येणारी मुलंही दोन-तीन आठवड्यांत त्यावर खेळ बनवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काय करायचं, असं मी सातवीच्या वर्गात विचारलं. मागच्या वर्षी ठिबक सिंचनाचं मॉडेल झालं होतं, त्याच्या आधीच्या वर्षीही तेच. एक मुलगा म्हणाला, "सर, गेम करू. कानबाईचा."

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने लावून, साडी नेसवून तिची स्थापना करतात. गव्हाचे रोट होतात. सुरतेला, पुण्याला कामाला गेलेली भाऊबंदकी त्या दिवशी गावात येते. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. मुलांचा गेम असा होता: सुरतेहून आलेली एक नात आजीसाठी गावातून सामान गोळा करते. गहू, नारळ, फुलं आणि वाड्यात हरवलेली कानबाईची नथ. वाटेत शेळ्या आडव्या येतात, चिखल लागतो. सगळं वेळेत जमलं तर शेवटच्या पडद्यावर कानबाई बसते. गेमचं नाव 'रोट'.

कोड तो मुलगा लिहिणार होता. चित्रांचं काम वर्गातल्या एका मुलीने घेतलं. तिची आई कापूस वेचायला जाते. कोरे कागद घरी नसतात, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर ती चित्रं काढते. तिने पंधरा दिवसांत अकरा चित्रं काढून आणली. आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, एका डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा होता, आणि चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. शेळीला पाय जरा जास्तच लांब झाले होते. फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतले, तर पाठीमागच्या उत्तरपत्रिकेची शाई वर दिसायला लागली. आजीच्या लुगड्यावर कुणाचे तरी भूगोलाचे गुण उमटले होते.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले. तो मुलगा त्याच्या काकांचा फोन घेऊन आला. एआयच्या ॲपमध्ये 'भारतीय खेड्यातली आजी' असं लिहून त्याने चित्रं काढून घेतली होती. आजी, नात, शेळी, घर, देवी. सगळी दहा-पंधरा मिनिटांत तयार. स्वच्छ, चकचकीत, सिनेमातल्यासारखी.

मी ती पाहिली आणि म्हणालो, "वा! एकदम भारी झालंय. हेच ठेव."

एवढंच बोललो. त्या मुलीला विचारलं नाही. ती त्या दिवशी गैरहजर होती. वेचणीच्या दिवसांत अधूनमधून असतेच. आणि गेमच्या पहिल्या पडद्यावर 'चित्रे' या शब्दापुढे तिचं नाव होतं, ते तसंच राहिलं. बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्रदर्शनात आमच्या टेबलाभोवती गर्दी होती. एका पाहुण्यांनी गेम खेळून पाहिला, पहिल्या पडद्यावरचं नाव वाचलं आणि कौतुकाने विचारलं, "बेटा, ही आजी तू काढली? किती सुंदर हात आहे तुझा!"

ती पडद्याकडे बघत राहिली. तिने ती आजी तेव्हा पहिल्यांदा पाहिली होती. मग हळूच म्हणाली, "हाई मी काढेल नही सर. मोबाईलनी काढेल शे."

मंडळी, बारा वर्षांच्या मुलीला गप्प बसून कौतुक घेता आलं असतं. मी पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस शेजारी उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाहुणे हसून पुढे गेले. आमचा नंबर आला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीजवळ बसली होती आणि कुणाशीच बोलत नव्हती, ते मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या रात्री मी गेम पुन्हा उघडून नीट पाहिला. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. शेवटच्या पडद्यावर आमची कानबाई नव्हतीच. आठ हातांची, हातात शस्त्रं घेतलेली, मागे सिंह असलेली देवी होती. आजी गोरीपान होती, गोंदण नव्हतं, चष्मा नव्हता. घराला कौलं होती, आणि आमच्या गावात धाब्याची घरं आहेत. यंत्राला कानबाई ठाऊक नाही. इंटरनेटवर तिची चित्रं कितीशी असणार! त्याच्याकडे ज्याची चित्रं जास्त, ते ते काढून देतं. आणि मी, ज्याच्या घरात दरवर्षी कानबाई बसते, ते पाहून 'भारी झालंय' म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील भेटले. त्यांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "सर, फुकट भेटतंय तर काय हरकत? आपल्या पोरांकडे ना टॅबलेट, ना चित्रांचा क्लास. शहरातली पोरं वापरतील आणि आपण नाही वापरायचं का?"

पालकहो, हा प्रश्न खोटा नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. ज्याच्याकडे पैसा नाही, चित्रकार मित्र नाही, त्याच्या डोक्यातला खेळ पडद्यावर यायचाच नाही का? जगभर एकेकटी किंवा चार-पाच जणांची मंडळी घरात बसून छोटे गेम बनवतात. त्यांना 'इंडी' गेम म्हणतात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे. चित्रकाराला द्यायला पैसे नसतात आणि यंत्र समोर तयार असतं.

पण 'फुकट' हा शब्द तपासून बघावा लागतो. हे यंत्र चित्र काढायला शिकलं कशावर? 'स्टेबल डिफ्युजन' नावाचं चित्रयंत्र ज्या साठ्यातून शिकलं, त्या 'लायन' नावाच्या साठ्यात इंटरनेटवरच्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णनं होती. त्या चित्रांमागे माणसं होती. त्यांना कुणी विचारलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी अमेरिकेत त्यावर दावा लावला. कार्ला ऑर्टिझ यांचं तर काम सिनेमा आणि गेमसाठी चित्रं काढण्याचंच. म्हणजे यंत्र ज्यांच्या कामावर शिकलं, त्यांच्याच कामाच्या जागी ते उभं राहतंय. माझ्या वर्गात लहान प्रमाणात तेच घडलं. फरक एवढाच की तिथे कंपन्या होत्या, इथे मी होतो.

आता कुणी म्हणेल, नक्कल तर सगळेच करतात. आपणही मुलांना फळ्यावरचं चित्र उतरवून घ्यायला सांगतो. बरोबर आहे. त्यासाठी मला आपल्याच भागातली एक गोष्ट आठवली.

जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिल यांना तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. त्या माणसाने तिथे वर्षानुवर्षं काढली. त्याच्या मोठ्या तैलचित्रांच्या प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. नंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला करायला आले. ते काम १८८५ पर्यंत चाललं. त्यातल्याही कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे.

गिल यांनी नक्कलच केली ना? केली. पण 'हे अजिंठ्याचं आहे' असं सांगून केली. आणि एकेक रेघ पुन्हा हाताने ओढताना ती शिकावी लागली. ग्रिफिथ्स यांच्याबरोबर आलेली जे. जे. ची मुलं तिथून चित्रकार होऊन परतली. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. नकलेतून माणूस घडत असेल आणि मूळ कुणाचं ते सांगितलं जात असेल, तर ती नक्कल म्हणजे शिक्षणच. आमच्या गेममध्ये यातलं काहीच झालं नव्हतं. तो मुलगा चित्र काढायला शिकला नाही, ती मुलगी बाजूला पडली, आणि नाव भलत्याचं लागलं.

अजिंठ्याचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६ क्रमांकाच्या लेण्यात शिलालेख आहे. ते लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, असं त्यावरून कळतं. खर्च करणाऱ्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं. भिंतीवर रंग भरणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत. म्हणजे चित्रकाराचं नाव पुसलं जाणं ही एआयने आणलेली नवी गोष्ट नाही. जुनीच सवय आहे, आता ती फार सोपी झाली आहे.

उलट उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. पुस्तकावर नाव आईचं. आज जळगावच्या विद्यापीठाला तेच नाव आहे. लिहिणारा हात दुसऱ्याचा होता, तरी गाणं कुणाचं हे विसरलं गेलं नाही.

मग यंत्र वापरायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. चाळीसगावचे केकी मूस आठवा. त्यांचं साधन कॅमेरा, म्हणजे यंत्रच. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर प्रकाश टाकून ते अशी छायाचित्रं घेत की पाहणाऱ्याला डोंगर-माळ खरेच वाटावेत. पण ते त्याला 'टेबलटॉप फोटोग्राफी' असंच म्हणत. बघणाऱ्याला त्यात फसवणूक नव्हती, आणि काय मांडायचं, कुठून उजेड टाकायचा हे केकी ठरवत होते. त्यांचं घर आता कलादालन आहे. चाळीसगाव स्टेशनवर उतरलात तर मुलांना जरूर दाखवा.

गेमच्या जगातही शेवटी हाच मुद्दा पुढे आला आहे. 'स्टीम' हे कॉम्प्युटर गेम विकणारं मोठं दुकान. जानेवारी २०२४ पासून तिथे नियम आहे: गेममध्ये एआयने केलेलं काही असेल तर बनवणाऱ्याने सांगायचं, आणि ते गिऱ्हाइकाला दिसायला हवं. डिसेंबर २०२५ मध्ये 'इंडी गेम अवॉर्ड्स'ने 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' या गाजलेल्या फ्रेंच गेमला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले. प्रवेशिका देताना एआय वापरलं नाही असं सांगितलं होतं, नंतर निर्मितीच्या काळात ते वापरल्याचं समोर आलं. गेम वाईट होता असं कुणी म्हटलं नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' बघा. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो अपुरा पडला. तरी छोट्या चमूने काम रेटलं आणि २०२० मध्ये गेम आणला. त्यातली चित्रं पहाडी लघुचित्रांच्या वळणाची, आणि गोष्टीचे भाग छायाबाहुल्यांतून सांगितलेले. लोकांनी तो गेम लक्षात ठेवला त्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे. मी वर्गात त्याची चित्रं दाखवली तेव्हा त्या मुलीने बराच वेळ जवळ जाऊन पाहिली. मग विचारलं, "सर, असं काम करणाऱ्याला पगार भेटतो?" म्हटलं, भेटतो. ती काही बोलली नाही, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

या आधी एक गोष्ट करायची होती. सोमवारी परिपाठानंतर मी वर्गासमोर तिची माफी मागितली. 'तुला न विचारता तुझी चित्रं काढली आणि जे तुझं नव्हतं त्याला तुझं नाव ठेवलं, ही चूक माझी. त्याची नाही.' त्या मुलाकडे बघून हे मुद्दाम म्हणालो, कारण वर्ग त्याला चोर म्हणायला लागला होता. त्याने मला विचारलं होतं. हो मी म्हणालो होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात लेखक-कलावंताला आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा हक्क दिला आहे. हक्क विकले तरी तो हक्क राहतो. दुसऱ्याची कृती स्वतःच्या नावावर नको, असं म्हणण्याची समज मात्र त्या मुलीला कुठल्या कलमाने दिली नव्हती.

मग तीन शनिवार बसून 'रोट' पुन्हा केला. या वेळी कोरे कागद मी आणले. चित्रांचे फोटो उन्हात काढले. पाठीमागचा पांढरा भाग स्क्रॅचमध्येच खोडला. तो मुलगा शेळीच्या पायांच्या चार वेगवेगळ्या चित्रांसाठी तिच्या मागे लागला, कारण चार चित्रं असली तर शेळी चालताना दिसते. लांब पायांची ती शेळी आता पळते तेव्हा अख्खा वर्ग हसतो. एआयकडूनही एक काम घेतलं: चुकलेला ठोकळा शोधायचं. ते पहिल्या पडद्यावर लिहून ठेवलं आहे.

आमच्या वर्गाने चार नियम केलेत. तुमच्या वर्गात किंवा घरी करून बघायला देतो:

१. आपल्यात कुणी ते काम करणारं असेल, तर आधी त्याला विचारायचं. यंत्र त्याच्यानंतर.

२. एआय वापरलं तर कुठे आणि कशासाठी, ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं.

३. जिवंत चित्रकाराचं नाव घालून 'त्याच्यासारखं काढ' असं यंत्राला सांगायचं नाही.

४. दुसऱ्याचं घेतलं तर त्याचं नाव द्यायचं. स्क्रॅचमध्ये दुसऱ्याचा प्रकल्प रिमिक्स केला की मूळ बनवणाऱ्याचं नाव आपोआप येतं. कागदावर काम करताना ते आपल्याला हाताने लिहावं लागतं.

तिसऱ्या नियमावर वर्गात वाद झाला. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी आपापले फोटो जपानी 'घिब्ली' पद्धतीचे करून घेतले, त्याचं काय? त्यात माझाही फोटो होता, हे एका मुलाने भर वर्गात सांगितलं. मी कबूल केलं. मौजेसाठी घरात ठेवलेला फोटो आणि स्पर्धेत, दुकानात ठेवलेलं काम यात फरक आहे, असं मुलांचं मत पडलं. मला ते पुरतं पटलेलं नाही. पण त्यांनी विचार करून ठरवलं आहे, म्हणून तूर्तास तसंच ठेवलं.

त्या वडिलांनाही मी नवा गेम दाखवला. ते चष्मा असलेल्या आजीकडे बघून म्हणाले, "अरे, ही तर अमुकची आई!" गावातल्या एका म्हातारीचं नाव त्यांनी घेतलं. खरंच, ती तीच होती. चष्म्याच्या दांडीला बांधलेल्या दोऱ्यावरून त्यांनी ओळखलं. मग म्हणाले, "पण सर, मोबाईलवाली दिसायला चांगली होती." असू दे. त्यांचं तेही मत आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, पालकहो, मुलं यंत्र वापरणार आहेत आणि आपण ते थांबवू शकणार नाही. पण मूल काहीतरी चकचकीत घेऊन समोर आलं की 'वा!' म्हणण्याच्या आधी एक प्रश्न विचारा: हे कुणी केलं? आणि मुलाने खरं उत्तर दिलं की रागावू नका. मी त्या चार दिवस आधीच्या दुपारी एवढं विचारलं असतं, तर बाकीचं टळलं असतं.

कानबाईच्या वेळी हा गेम गावात दाखवायचं ठरलं आहे. पहिल्या पडद्यावर 'चित्रे' या शब्दापुढे नाव तेच आहे. या वेळी ते तिने स्वतः टाईप केलं.